जितेपणीचा बर्फ

थंडोबाची हातगाडी गल्लीत वळली की बायका आधी आपापल्या घरातली म्हातारी माणसं जागेवर आहेत का ते बघायच्या. सगळी असली, खोकत-बिकत असली, की मग खिडकीतून मान बाहेर काढायच्या. गाडी कुणाच्या दारात थांबते? थांबली की तोंडावर हात जायचा. "अगं बाई, त्यांच्याकडे! परवा तर बोलत होते चांगले."

आता त्यात त्या गरिबाचा काय दोष? त्याचा धंदाच तो. बर्फाच्या कारखान्यातून लादी उचलायची, भुसा लावून गोणपाटात गुंडाळायची, गाडीवर घालून पोचवायची. एके काळी हाच बर्फ लग्नाला जायचा, सरबताच्या गाड्यांवर जायचा, मासळीच्या टोपल्यांत जायचा. पोरं मागे धावायची, "थंडोबा, एक तुकडा दे की!" म्हणून. ते नाव तेव्हाचं. मग घरोघर फ्रिज आले, सरबतवाल्यांनी मशीन घेतली, मासळी थंड गाड्यांतून यायला लागली. लादी लागायची ती एकाच कामाला. कुणी गेलं, लेक यायचीय लांबून, भाऊ यायचाय, तोवर ठेवायचं कसं? फ्रिजमध्ये माणूस मावत नाही ना. मग थंडोबाला निरोप.

माणूस म्हणाल तर कुणाच्या अध्यात ना मध्यात. डावा खांदा खाली गेलेला, ओझ्यानं. हात कायम पांढरे, भिजून सुरकुतलेले, धुणं धुतल्यासारखे. आणि गार. भर उन्हात गार. म्हणून कुणी त्याच्या हाताला हात लावायचं नाही. न्हावीसुद्धा म्हणायचा, "बाबा, हात चादरीच्या आत ठेव."

त्याच्या बापानंच त्याला धंदा शिकवला, आणि धंद्याबरोबर रीत शिकवली. ज्या घरी लादी न्यायची त्या घरचा उंबरा ओलांडायचा नाही. दारात उतरवायची, आतली माणसं ओढून घेतील. तिथं पाणी मागायचं नाही, कितीही घसा सुकला तरी. आणि निघताना "येतो" म्हणायचं नाही. आता बघा, आपल्यात जाताना "जातो" कोण म्हणतं? शेजारी दोन घरं सोडून जायचं असलं तरी "येतो हं" म्हणतो. पण बर्फवाल्यानं कुणाच्या दारात उभं राहून "येतो" म्हटलं, तर त्याचा अर्थ काय व्हायचा? म्हणून थंडोबा नुसतं गोणपाट झटकायचा, घडी घालून खांद्यावर टाकायचा आणि वळायचा. इतकी सवय झाली की लेकीच्या घरी गेला तरी तसाच. जेवला, उठला, चपला घातल्या, चालता झाला. लेकीची सासू म्हणाली, "तुझा बाप माणसात वाढला की नाही गं?" लेक ताट उचलायला लागली.

बायको कधीच गेली होती. राहिली होती एक अक्का.

अक्का म्हणजे थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा हा अजून रांगत होता. अक्काही काही फार मोठी नव्हती, पण तिनं याला कडेवर घेतला तो खाली ठेवलाच नाही म्हणा ना. आधी स्वतःच्या घासातला घास याला, मग स्वतःला. पुढं तिचं लग्न झालं, तिचा संसार झाला, नवरा गेला, तरी रोजचं जेवण याला तिच्याचकडून. दोन गल्ल्या सोडून राहायची. जिना चढून वर एक खोली, डोक्यावर पत्रा. दुपारी गाडी खाली लावायची, जिना चढायचा, वरच्या पायरीवर बसायचं. अक्का दारातून ताट पुढं करायची. हा पायरीवर बसून जेवायचा, ताट विसळून उंबऱ्याशी ठेवायचा, आणि जायचा. आत पाऊल नाही. कित्येक वर्षं.

नवखा माणूस विचारायचा, "का हो, बहीण आत घेत नाही?" थंडोबा म्हणायचा, "पायरीवर वारा बरा लागतो." वारा कसला! पत्र्याखालची भट्टी ती.

खरं ते असं. अक्काला एक मुलगा होता. डांबराच्या कामावर जायचा, रस्ते करायला. भर दुपारी उकळतं डांबर ओतत होता, चक्कर येऊन पडला तो उठलाच नाही. तेव्हा उन्हानं माणूस मरतं असं कुणी म्हणत नव्हतं. नशीब म्हणायचे. बघ्यांतलं कुणीतरी म्हणालं, न्याहारी केली नसेल. कारखान्यावर निरोप आला, लादी पाहिजे, आणि पत्ता सांगितला तो अक्काचा. थंडोबाच होता हजर. दुसरं कोण नेणार? त्यानं लादी नेली. जिना चढून वर नेली. आणि उंबऱ्याशी उतरवून, हातात लादी ओढायचा लोखंडी आकडा धरून, दारातच उभा राहिला.

सख्खा मामा! आत भाचा पडलाय, बहीण भिंतीला टेकून बसलीय, आणि हा बाहेर. पायच उचलेना. बापानं घालून दिलेली रीत की काय, की ज्या हातानं बर्फ आणला त्या हातानं पोराला शिवायचं कसं, त्यालाच ठाऊक. अक्कानं एकदा मान वर करून बघितलं. परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं, आणि मान खाली घातली. तेव्हापासून तिनं "आत ये" म्हटलं नाही, यानं विचारलं नाही. ताट मात्र एक दिवस चुकलं नाही.

असंच चाललं असतं. पण सरकारनं उन्हाचा आराखडा काढला.

आराखडा ठरला थंडीत. गंमतच आहे की नाही? वॉर्ड ऑफिसात सगळे स्वेटर घालून, कानाला मफलर गुंडाळून बसलेले, हातात वाफेचा चहा, आणि बोलणं कसलं, तर ऊन फार होणार. कारखान्याच्या मालकालाही बोलावणं होतं. त्यानं थंडोबाला पाठवलं. "तू जा रे, ऐकून ये काय म्हणतात ते. मला सर्दी झालीय."

थंडोबा शेवटच्या खुर्चीत बसला, हात मांडीखाली लपवून. समोर एक तरुण बाई उभी होती. आराखड्याचं सगळं तिच्याकडे. आवाज बारीक, पण बोलायची नीट. म्हणाली, मागच्या उन्हाळ्यात एकटी राहणारी म्हातारी माणसं बंद खोल्यांमध्ये गेली, शेजाऱ्यांना पत्ता नाही. यंदा तसं होऊ द्यायचं नाही. शाळेचा हॉल दुपारी उघडा ठेवायचा, कूलर लावून. चौकाचौकात पिण्याचं पाणी. पत्र्यांना पांढरा रंग. आणि दुपारच्या वेळी रस्त्याची, बांधकामाची कामं बंद.

रस्त्याची कामं बंद. हे ऐकलं आणि थंडोबाचं मन तिथंच अडकलं. म्हणजे असं बंद करता येतं? नुसतं कुणीतरी उभं राहून म्हटलं की बंद?

बाई पुढं बोलतच होती. ज्यांना जिना उतरून शाळेत येणं होत नाही त्यांच्यासाठी रोज दुपारी बर्फाची लादी. परातीत ठेवायची, पंख्यासमोर, खोली तेवढीच सुसह्य होते. मग तिनं विचारलं, "कुणाला यात काही अडचण वाटते?"

अडचण थंडोबाला माहीत होती. म्हणजे, गल्लीतल्या शेंबड्या पोराला माहीत होती. पण तो अजून डांबराच्या रस्त्यावर उभा होता मनानं. तेवढ्यात चहाची दुसरी फेरी आली, दवाखान्याच्या डॉक्टरांनी पाण्याच्या टाकीचं काहीतरी काढलं, आणि सभा उठली. बाईनं दारात त्याला गाठलं. "काका, तुमच्यावर मोठं काम आहे हं." तो हो म्हणाला आणि गोणपाट नसतानाही खांद्यावर हात फिरवून, काही न बोलता निघून गेला.

मग आला उन्हाळा. आला म्हणजे कसा? नळ उघडला तर चहाचं पाणी. दाराची कडी धरली तर हात मागे. कुत्री गटाराच्या कडेला पोट टाकून पडलेली, कावळा ओरडायचा बंद. गल्लीत दुपारी चिटपाखरू नाही, आणि त्या गल्लीतून थंडोबाची गाडी, चाक कुईकुई करत.

बाईनं त्याला बजावलं होतं, "काका, नुसती लादी ठेवून येऊ नका. दोन शब्द बोला. उद्या येतो म्हणून सांगा. माणसाला तेवढाच आधार."

पहिल्याच दारात एक म्हातारी, एकटीच राहायची. दार उघडलं. समोर थंडोबा, खांद्यावर लादी.

"कोणाकडे आलास?"

"तुमच्याकडेच."

"माझ्याकडे?" म्हातारीनं मागे वळून खोलीत बघितलं, कुणी मेलंय का ते. तिच्याशिवाय कुणी नव्हतंच. "अरे, मी आहे अजून!"

"असू दे की. असणाऱ्यांसाठीच आहे. सरकारी आहे."

"सरकारला एवढी घाई झाली माझी?"

थंडोबा घामाघूम. बाईचं बोलणं आठवलं आणि बोलून गेला बिचारा, "बरं, आज नको तर राहू दे. उद्या येतो."

मग काय विचारता! म्हातारीच्या हातात झाडू होता. "येतो? येतो म्हणतोस, मुडद्या? माझ्या नातीचं लग्न व्हायचंय अजून! पुन्हा हे थोबाड दाखवलंस तर बघ!" थंडोबा लादीसकट जिना उतरला. मागून झाडू उतरला. खालच्या बायका खिडकीत. एवढ्या उन्हात सगळ्या जाग्या!

दुसरं दार टाचणीकाकांचं. टाचणीकाका म्हणजे शिंपी, थंडोबाचा जुना दोस्त. कायम दोन टाचण्या ओठांत धरून बोलायचे, म्हणून ते नाव. दुकानाच्या मागेच खोली, खिडकी नाही, रात्रंदिवस एकटेच. नजर गेली होती तरी मशीन सोडवत नव्हती.

"ये बाबा," टाचणीकाका म्हणाले. "माझं माप घ्यायला आलास वाटतं?"

"तुमचं माप तोंडपाठ आहे मला. अंग कमी, तोंड जास्त."

"हा हा! आयुष्यभर मेलेल्यांना गार केलंस, आता जिवंतांना गार करतोस होय रे?"

"काका, चेष्टा नको. खोली बघा तुमची, तवा झालाय. पंख्यासमोर ठेवतो."

"अरे, मी लादीशेजारी अंग टाकलं आणि कुणी गिऱ्हाईक आलं, तर ते आधी रडेल आणि मग कपडे मागेल. नको बाबा. तुझी ती लादी अक्काला दे."

"ती घेते होय!"

"मग मी घेईन असं कसं वाटलं तुला?" टाचणीकाकांनी घाम पुसला. चेहरा लाल झाला होता. "जा. संध्याकाळी ये गप्पा मारायला. लादी न घेता ये."

अक्काचं तर विचारूच नका. थंडोबानं जिन्याच्या तोंडाशीच विचारलं. अक्का वरून म्हणाली, "त्या दारातून तुझा बर्फ एकदा आला. पुरे झालं." आणि तो वर आल्यावर ताट पुढं केलं.

"मग शाळेत चल. हॉल आहे, कूलर आहे. मी हात धरून नेतो."

"लहानपणी शाळेत गेले नाही, आता मरायला टेकल्यावर जाऊन बसू? काय शिकवतील मला, अ आ ई?" मग म्हणाली, "भात आणखी वाढू का?" पत्र्याला पांढरा रंग मारायचा होता, पण रंगारी अजून दुसऱ्याच गल्लीत होते, आणि दुपारी त्यांनाही काम बंद. त्यांनाही ऊन लागतंच की.

थंडोबा पाणी ठिबकणारी गाडी घेऊन वॉर्ड ऑफिसात आला. लाईट गेली होती. बाई एका जाड फाईलनं वारा घेत बसली होती. थंडीतलं ते टवटवीत तोंड कुठं गेलं कोण जाणे. डोळ्यांखाली काळं, केस कपाळाला चिकटलेले.

"काय काका?"

"कुणी घेत नाही. दोघांनी घेतली, ती पण तुम्ही परवा स्वतः जाऊन सांगितलं म्हणून."

"का पण?"

मग त्यानं सांगितलं. लादी म्हणजे काय, गाडी थांबली म्हणजे काय, येतो म्हटलं म्हणजे काय. बाई ऐकत राहिली. फाईल खाली ठेवली.

"हे थंडीत का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत तेव्हा मी तिथं नव्हतो."

"तुम्ही शेवटच्या खुर्चीत होतात. मला आठवतंय."

"बसलो होतो खुर्चीत," थंडोबा म्हणाला. "होतो दुसरीकडे."

बाईला काय कळलं काय नाही. रागावली मात्र नाही. रागवायला पण अंगात जोर लागतो. म्हणाली, "मलाही वाटलं नाही हो विचारावंसं. माझ्या आजोबांच्या वेळी आमच्याकडे पण आणली होती लादी. आत्ता आठवतंय." मग तिनं फाईल पुन्हा उचलली. "जेवढी घेतील तेवढी द्या," ती म्हणाली. "बाकीच्यांकडे मी पुन्हा फिरते." आणि उन्हात निघाली, डोक्यावर ओला रुमाल टाकून.

असे दिवस जात होते. कुणी लादी घ्यायचं, शेजारणीला दिसू नये म्हणून दार लावून घ्यायचं. कुणी म्हणायचं मागच्या दारानं आण. कुणी नाहीच. थंडोबाचे पाय सुजायचे. रोज उन्हात तो, आणि गार बसायचं दुसऱ्यांनी. त्याला कुणी विचारलं नाही, तुला लादी पाहिजे का.

मग एका दुपारी कारखान्यावर निरोप आला, लादी हवी. सरकारी नव्हे, नेहमीची. पत्ता टाचणीकाकांचा.

थंडोबा गाडीवर लाद्या लावत होता. त्यातलीच एक त्यांची होती, रोजची, रोज परत यायची ती. आदल्या दिवशीही नेली होती. आदल्या दिवशीही म्हणाले होते, नको, उद्या बघू. तीच लादी, तेच दार. काल नको म्हणता आलं, आज कोण नको म्हणणार?

दुकानात शेजारचा पानवाला एकटाच होता. टाचणीकाका मशीनजवळच जमिनीवर. गळ्यातली माप घ्यायची टेप तशीच होती. थंडोबानं लादी उंबऱ्याशी उतरवली आणि उभा राहिला. पानवाल्यानं एकट्यानं ओढायला सुरुवात केली. सरकेना. "हात लाव की रे!" तो म्हणाला. थंडोबाचा पाय उंबऱ्यापर्यंत गेला आणि थांबला. त्याचं त्यालाच कळेना. पानवाला कशीबशी लादी ओढून आत घेऊन गेला. थंडोबानं गोणपाट झटकलं, घडी घातली, खांद्यावर टाकलं. काल संध्याकाळी गप्पांना यायचं राहूनच गेलं होतं. पाय दुखत होते म्हणून गेला नव्हता. वळला, चालायला लागला.

गाडीवर अक्काची लादी तशीच होती. ती नको म्हणणार, पण जेवायची वेळ झाली होती.

खाली गाडी लावली. वर बघितलं. रोज एव्हाना ताटाचा आवाज यायचा, झाकणी ठेवल्याचा. आज नाही. जिना चढला. दार लोटलेलं.

"अक्का."

काही नाही.

"अक्का, ताट?"

दार ढकललं. आतून भट्टीची वाफ तोंडावर आली. अक्का जमिनीवर आडवी, भिंतीकडे तोंड. हाताशी भांडं कलंडलेलं.

थंडोबा उंबऱ्याशी उभा. पुन्हा तोच उंबरा. कानात टाचणीकाका, "जा, लादी न घेता ये." आणि मग, कसं काय ठाऊक, तो मागे वळला. पळाला म्हणा. सुजलेल्या पायांनी जिना उतरला, आकडा लादीत खुपसला, खांद्यावर घेतली आणि वर. खिडकीतून बायकांनी बघितलं आणि तोंडावर हात गेले. वर आला, आणि दारात थांबलाच नाही. सरळ आत. लादी कोपऱ्यातल्या परातीत आदळली, परात वाजली केवढ्यानं!

लाईट नव्हती. पंखा नुसता तोंड वासून उभा. थंडोबानं चादर ओढली, बर्फाच्या पाण्यात बुडवली, अक्काच्या अंगावर टाकली. मग आपले हात ठेवले. तेच हात, न्हावी चादरीत ठेव म्हणायचा ते. कपाळावर ठेवले, मानेवर ठेवले, बगलेत घातले. पुठ्ठ्यानं वारा घातला. पुन्हा हात लादीवर, पुन्हा तिच्या मानेवर. अंग तापलं होतं, पण श्वास होता. तो मोजत नव्हता, नुसता ऐकत होता.

खूप वेळानं अक्काच्या पापण्या हलल्या.

"कोण?"

"मी."

तिनं डोळे किलकिले केले. लादी दिसली. "मेले का मी?"

"अजून नाही."

"मग एवढी घाई का केलीस?"

थंडोबाला हसूही येईना आणि रडूही येईना. त्यानं भांडं भरून तिच्या ओठांना लावलं. दोन घोट प्याली. खोकली. परत प्याली. मग नुसती पडून राहिली, त्याच्याकडे बघत. लादीवरचं पाणी परातीत टप टप पडत होतं.

"आत आलास."

"आलो."

"त्या दिवशी का नाही आलास?"

एवढ्या वर्षांनी तिनं विचारलं, आणि ते पण कसं, मीठ संपलं का विचारावं तसं. थंडोबानं आपल्या हातांकडे बघितलं.

"हातात आकडा होता, अक्का."

अक्कानंही त्या हातांकडे बघितलं. मग म्हणाली, "खाली ठेवायचा की रे, वेड्या."

एवढंच. खाली ठेवायचा. इतकी वर्षं पायरीवर जेवला माणूस, आणि तिच्या लेखी गोष्ट केवढीशी होती. किंवा नसेल केवढीशी. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि तिचे खांदे हलले. थंडोबा वारा घालत राहिला.

निरोप गेला होता कुणाकडून तरी, बाई आली, बरोबर दवाखान्यातली नर्स. नर्सनं नाडी बघितली, साखर-मिठाचं पाणी पाजलं, दवाखान्यात चला म्हणाली. अक्का म्हणाली, "तिथं माझी लादी कोण बघेल?" नर्सनं मग संध्याकाळी पुन्हा येऊन बघायचं कबूल केलं. बाई लादीशेजारी भिंतीला टेकून बसली, जरा टेकते म्हणून, आणि बसल्या बसल्याच तिची मान कलली.

"उठवू का?" थंडोबानं हळूच विचारलं.

"राहू दे. दमलीय पोर," अक्का म्हणाली. "केवढीशी आहे, आणि सगळ्यांचं ऊन एकटीच्या डोक्यावर घेतलंय." मग म्हणाली, "तू पाणी प्यालास का?"

नव्हता प्याला. त्या घरात पाणी पिणं त्याच्या ध्यानातच नव्हतं. माठाकडे गेला, भांडं भरलं आणि प्याला. घटाघटा. हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं. आणखी एक प्याला.

खाली गाडीवर अजून लाद्या होत्या. वितळत होत्या. झाडूवाली म्हातारी होती, आणखी कोण कोण होते. थंडोबा उठला. गोणपाट झटकलं, घडी घातली, खांद्यावर टाकलं आणि वळला.

"काय रे," मागून अक्का, आवाज कोरडा, पण तोच जुना. "माणसाच्या घरातून निघताना काही बोलायची रीत आहे की नाही?"

थंडोबा दारात थांबला. तोंड उघडलं, मिटलं. जीभ जड झाली होती, वापरातच नसलेली कडी जशी. बाईची झोप मोडू नये म्हणून की काय, अगदी हळू म्हणाला,

"येतो, अक्का."

"ये," ती म्हणाली. "उद्या लादी जरा लहान आण. पाय ठेवायला जागा नाही खोलीत. आणि तो आकडा बाहेर ठेवून ये."

खाली जिन्याशी बायका जमल्या होत्या. एकीनं तर रडायला सुरुवातही केली होती. "कधी गेल्या हो? काही बोलल्या का शेवटचं?"

"बोलली," थंडोबा म्हणाला. "लहान लादी आण म्हणाली."

रडणारी बाई रडता रडता थांबली. थंडोबानं गाडीच्या दांड्या धरल्या. ऊन तसंच होतं, तसूभर कमी नाही, आणि उन्हाळा अजून अर्धाही सरला नव्हता. पलीकडच्या गल्लीत पानवाल्याकडे लोक जमत होते, टाचणीकाकांसाठी. तिकडे जायचं होतं संध्याकाळी, आकडा न घेता. त्याआधी झाडूवाली म्हातारी. त्यानं गाडी ढकलली, चाक कुईकुई करायला लागलं, आणि एक एक खिडकी उघडत गेली.